रीनोतल्या दुकानातून बसवून घेतलेला सॅटेलाइट रेडिओ

गाडीत सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे वर्गणी भरून थेट उपग्रहावरून ऐकायचा रेडिओ, घ्यावा का, असं खाणीवर नवीन लागलेली मुलं मला विचारतात, तेव्हा मी आधी त्यांनाच विचारते, गाडी कुठे चालवता? रीनो शहरातल्या शहरात हिंडत असाल तर एक डॉलरही घालू नका. फोन आहे, फोनमध्ये हवं ते सगळं आहे. पण कामासाठी सारखं एल्कोला जावं लागत असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे हायवे ५० धरून युरेकाकडे जावं लागत असेल, तर बसा, चहा घ्या, सविस्तर सांगते.

मी भूवैज्ञानिक. मूळची नागपूरची, पहिली नोकरी भंडारा जिल्ह्यात मँगनीजच्या खाणीवर, आणि आता बरीच वर्षं अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात सोन्याच्या मागे. घर रीनोला आणि काम सगळं पूर्वेला. रीनो ते एल्को आय-८० महामार्गाने साधारण २९० मैल. फर्नली, लव्हलॉक, विनेमका, बॅटल माउंटन, कार्लिन, अशी गावं लांब लांब पडलेली. गावात शिरताना एखादं एफएम स्टेशन लागतं, गाव मागे पडलं की थोड्या वेळात ते खरखरायला लागतं. हायवे ५० वर तर तेवढंही नाही. फॅलन ते ऑस्टिन ११० मैल, मधे मिडलगेटचा थांबा सोडला तर दोन्ही बाजूंना सेजब्रशची झुडपं आणि पांढरी पडलेली मिठाची मैदानं. 'लाइफ' मासिकाने १९८६ साली या रस्त्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं. ती टीका होती, पण इथल्या लोकांनी तेच नाव पाट्यांवर रंगवून पर्यटक बोलवायला सुरुवात केली. डोकेबाज लोक. तर अशा रस्त्यावर फोनला रेंज नसते, आणि उतरवून ठेवलेली गाणी ऐकून ऐकून तोंडपाठ झालेली असतात. मला गाण्यांपेक्षा माणसाचा आवाज हवा असतो. आत्ता, या क्षणी, कुठेतरी बसून कोणीतरी बोलतंय, असा. तो फक्त वरून येऊ शकतो.

रेडिओ घ्यायचा हे पक्कं होतं. प्रश्न होता वायरींचा. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या पिकअपमध्ये हाच रेडिओ आहे, पण तो काचेवर रबराच्या वाटीने चिकटवलेला. तिथून एक वायर लायटरच्या सॉकेटात, एक वायर ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचा आवाज स्टिरिओत घ्यायच्या, भोकात, आणि अँटेनाची वायर दाराच्या फटीतून बाहेर टपावर. गिअर टाकताना हात अडकतो, कॉफीचा कप ठेवताना कप अडकतो, आणि दार आपटून आपटून अँटेनाच्या वायरीची साल निघालेली. शिवाय खाणीच्या रस्त्यावरची धूळ त्या प्रत्येक वायरीवर बसते. मी त्याच्या शेजारी बसून गेले आहे. रेडिओ छान वाजत होता, पण नजर सारखी त्या गुंत्याकडे जात होती. मला गाडीत काही लटकलेलं चालत नाही. आरशाला लोक जे काय काय टांगतात, तेही नाही.

माझी गाडी २०१० ची होंडा सीआर-व्ही, सनरूफवाली. अशा गाडीत सॅटेलाइट रेडिओ आणायचे ढोबळ तीन मार्ग आहेत. पहिला वर सांगितला तो, डॉकमध्ये खोचायचा सुटा रेडिओ. याच्यात आवाज गाडीच्या स्टिरिओपर्यंत न्यायचा कसा हा घोळ असतो. ऑक्सची वायर असेल तर उत्तम, नाहीतर छोटा एफएम ट्रान्समीटर वापरतात, म्हणजे रेडिओ स्वतःच एक मोकळी फ्रिक्वेन्सी पकडून बारीकसं प्रसारण करतो आणि गाडीचा स्टिरिओ ते ऐकतो. रिकाम्या वाळवंटात हे चालून जातं. रीनो आलं की त्याच फ्रिक्वेन्सीवर खरं स्टेशन येऊन बसतं आणि बीबीसीच्या बातम्यांत कंट्री गाणं घुसतं. दुसरा मार्ग म्हणजे कमांडर टच नावाचा प्रकार: एक छोटा पडदा डॅशबोर्डवर आणि बाकी सगळा कारभार आत लपवलेला. मूळ स्टिरिओ ज्यांना बदलायचा नाही त्यांच्यासाठी हा चांगला. तिसरा मार्ग मी घेतला. मूळ स्टिरिओ काढून त्या जागी सॅटेलाइट-रेडी, म्हणजे सॅटेलाइटचा ट्यूनर जोडायची सोय असलेला, स्टिरिओ बसवायचा, आणि एसएक्सव्ही-३०० नावाचा ट्यूनर, म्हणजे सिग्नल पकडणारा, पत्त्यांच्या कॅटाएवढा डबा, डॅशबोर्डच्या आत कुठेतरी ठेवून द्यायचा. ट्यूनरमधून एक वायर स्टिरिओला, एक वायर अँटेनाला, बस. त्याला वीजही स्टिरिओकडूनच मिळते. बाहेरून बघणाऱ्याला गाडीत सॅटेलाइट रेडिओ आहे हे टपावरच्या काळ्या बटणाएवढ्या अँटेनाशिवाय कशावरूनही कळत नाही.

ट्यूनरची छापील किंमत मी घेतला तेव्हा ७० डॉलर होती आणि अँटेना त्याच्याच खोक्यात येते. स्टिरिओ मी केनवुडचा घेतला, दोनशेच्या वर थोडा. त्याशिवाय होंडाच्या डॅशबोर्डच्या भोकात नवा स्टिरिओ नीट बसावा म्हणून प्लॅस्टिकची चौकट लागते, होंडाचा कपलर आणि स्टिरिओचा कपलर जोडणारा हार्नेस लागतो, आणि स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालू राहावीत म्हणून एक छोटा मॉड्यूल लागतो. हा मॉड्यूल बरेच जण वाचवतात आणि मग बटणं मेली म्हणून चिडतात. वाचवू नका.

आता दुकान. पहिल्यांदा एका मोठ्या साखळी दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने गाडीकडे न बघता भाव सांगितला. वायर कुठून नेणार विचारलं तर म्हणाला, दाराच्या रबरातून. कुठल्या दाराच्या, असं विचारल्यावर त्याने संगणकात बघितलं. मी निघाले.

दुसरं दुकान एका म्हाताऱ्या माणसाचं आहे, टायरच्या दुकानामागे, दोनच गाड्या मावतील एवढं. त्याने आधी गाडीभोवती चक्कर मारली आणि टपावर हात फिरवला. म्हणाला, सनरूफ आहे, म्हणजे आधी छत ठरवू, बाकीचं नंतर. मला तिथेच बरं वाटलं. कारण या कामात बाकी सगळं कपलरला कपलर जोडणं आहे, खरी अक्कल लागते ती अँटेना कुठे ठेवायची आणि तिची वायर आत कशी आणायची यात.

अँटेना चुंबकाची असते आणि तिला खाली लोखंडी पत्रा लागतो. पत्रा नुसता चिकटण्यासाठी नाही लागत, पत्र्यामुळे तिला सिग्नलही नीट मिळतो. म्हणून काचेवर ठेवून भागत नाही. कडेपासून निदान तीन इंच आत हवी, आजूबाजूला रॅक, केरिअर वगैरे अडथळा नको. माझ्या गाडीत पुढचा अर्धा भाग सनरूफने खाल्लेला, आणि काच मागे सरकते ती पत्र्याच्या खालून, त्यामुळे तिथल्या छताच्या अस्तराशी खेळायची सोय नाही. म्हणून अँटेना मागे, डिकीच्या दाराच्या थोडी अलीकडे, मधोमध. त्याने आधी ती जागा धुऊन पुसून घेतली. चुंबकाखाली धुळीचा एक कण राहिला तरी टपाचा रंग ओरखडतो, आणि नेवाडात धूळ सगळीकडे.

वायर तिथून डिकीच्या दाराच्या वरच्या खाचेत उतरवली, खाचेतूनच बाजूने खाली नेली, आणि रबर बीडिंगच्या आत घेतली ती थेट वरून नाही, तर आधी थोडी खाली झोल देऊन मग पुन्हा वर उचलून. म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, आत शिरत नाही. हे ज्यांनी केलेलं नसतं त्यांच्या डिकीतल्या गालिच्याला पावसाळी वास येतो. आमच्याकडे पाऊस नाही, पण वितळणारा बर्फ पावसाहून चिवट असतो.

आतून वायर मागच्या खांबाच्या प्लॅस्टिक पॅनलमागे गेली. इथे त्याने मला मुद्दाम बोलावून दाखवलं. या गाडीत छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते, पुढच्या खांबापासून मागच्यापर्यंत. वायर तिच्या समोरून गेली तर अपघातात बॅग उघडताना वायर आडवी येते. म्हणून वायर बॅगच्या मागून, आणि गाडीच्या मूळ हार्नेसलाच, म्हणजे वायरींच्या जुडग्यालाच, केबल टायने बांधून. इंटरनेटवर ज्या चित्रफिती आहेत त्यांत पोरं खुशाल पुढच्या खांबाचं पॅनल बोटाने उचलून वायर खुपसतात. बघायला सोपं वाटतं. तुम्ही हे काम घरी करणार असाल तर निदान एवढं एक लक्षात ठेवा.

मग वायर खाली, मागच्या आणि पुढच्या दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्यांखालून, पुढे शेजारच्या सीटच्या पायाशी, आणि तिथून ग्लव्ह बॉक्सच्या मागे. ही अँटेनाची वायर वीस फुटांहून लांब असते, आणि ती कापून आखूड करण्याच्या भानगडीत पडू नये. उरलेली वायर मोठे, सैल वेटोळे करून ठेवायची. त्याने ती मागच्या बाजूच्या पॅनलमध्ये ठेवली, पुढे नाही. का, विचारलं. म्हणाला, पुढे आधीच गर्दी आहे आणि ग्लव्ह बॉक्समागे तुमच्या एसीचा फिल्टर आहे, तो बदलायला जो कोणी हात घालेल तो माझी वायर ओढेल. सीआर-व्हीत केबिन फिल्टर खरंच तिथेच असतो. ट्यूनरचा डबाही त्याने फिल्टरच्या झाकणापासून आणि हीटरच्या नळीपासून लांब, उजवीकडे आत, लोखंडी आडव्या पट्टीला वेल्क्रो आणि केबल टाय दोन्हीने बांधला. पुढे मी घरी फिल्टर बदलला तेव्हा ट्यूनर दिसलाही नाही.

सगळ्या वायरींना त्याने कापडी टेप गुंडाळली होती, तीच काळी, केसाळ टेप जी गाडी कारखान्यातून येताना हार्नेसवर असते. नुसती वायर प्लॅस्टिकवर टेकली की खडीच्या रस्त्यावर टिक टिक वाजते. आणि होंडाची एकही मूळ वायर त्याने कापली नाही. गाडी विकायची झाली तर हार्नेस काढून जुना स्टिरिओ पुन्हा लावता येतो. जुना स्टिरिओ त्याने बबलरॅपमध्ये बांधून दिला, वर बजावून की याचा चोरीविरोधी कोड गाडीच्या कागदांत शोधून याच्यावरच चिकटवा, नाहीतर हा नुसता डबा आहे.

पॅनल बंद करण्याआधी त्याने गाडी बाहेर उन्हात काढली आणि रेडिओ लावून बघितला. शेडमध्ये सिग्नल येत नाही. चॅनल शून्य लावलं की रेडिओचा आयडी दिसतो, आकडे-अक्षरांचा. त्यात आय, ओ, एस आणि एफ ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे जे गोल दिसतं ते शून्यच. हा आयडी रेडिओची सेवा देणाऱ्या कंपनीला कळवायचा, मग उपग्रहातून तुमच्या डब्याला परवानगी येते, तोवर गाडी मोकळ्या आभाळाखाली आणि रेडिओ चालू हवा. थोड्या वेळात चॅनलं उघडली.

आता उणं सांगते, कारण दुकान चांगलं असलं तरी देवाचं नाही. रात्री पहिल्यांदा गाडी चालवली तेव्हा स्टिरिओचा पडदा दिवसासारखाच लख्ख पेटलेला, डोळ्यांत घुसणारा. हेडलाइट लावल्यावर पडदा मंद व्हायला नारिंगी वायर जोडावी लागते, ती राहिली होती. या वायरींचे रंग ठरलेले असतात: पिवळी म्हणजे बॅटरीची कायमची, लाल म्हणजे चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची, नारिंगी दिव्यांची. मी ते मालकाला सांगितलं तर त्याने वाद घातला नाही, गाडी आत घेतली आणि पैसे न घेता जोडून दिली. पण पुन्हा अर्धा दिवस माझा गेला तो गेलाच. दुसरं म्हणजे मागच्या खांबाच्या पॅनलची एक क्लिप काढताना तुटली होती आणि ती मला न सांगता तशीच लावली होती. खडीवर तिथून किरकिर यायची. विचारल्यावर म्हणाला, थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, तुटतं. ते खरं आहे, डिसेंबरात काम केलं होतं. तरी सांगायला हवं होतं. नवी क्लिप काही सेंटची असते. तिसरं, तो फोन उचलत नाही. कधीच. जाऊन उभं राहावं लागतं.

बिलात मजुरीचा आकडा स्टिरिओच्या आकड्याच्या जवळ गेला होता. माझ्या एका मैत्रिणीला हे ऐकून धक्का बसला: एका वायरीसाठी एवढे? मला नाही बसला. कार्लिनच्या पट्ट्यातलं सोनं इतकं बारीक असतं की दगड हातात घेऊन ते डोळ्यांना दिसत नाही, आणि माझा पगार त्यावरच निघतो. न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे मोजायला मला जड जात नाही.

रेडिओ चालतो कसा? आय-८० वर जवळजवळ सलग. हा ट्यूनर जे उपग्रह ऐकतो ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास उभे आहेत. नेवाडातून बघितलं तर एक जवळपास थेट दक्षिणेला, दुसरा आग्नेयेला थोडा खाली. म्हणजे दक्षिणेचं आभाळ मोकळं असेल तिथे काळजी नाही. नेवाडाच्या डोंगररांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या, मधली खोरी रुंद, त्यामुळे हायवे ५० वर खिंड ओलांडतानाच काय तो अडसर. ऑस्टिनच्या पूर्वेला चढणीवर, जिथे दक्षिणेची कडा रस्त्याला चिकटते, तिथे आवाज जातो, वळण संपलं की येतो. पुलाखालून जाताना मात्र तुटत नाही, आणि याचं कारण मला फार आवडलं: एकाच कार्यक्रमाचे दोन प्रवाह येतात, एक दुसऱ्यापेक्षा सुमारे चार सेकंद मागे. एक हुकला तर डबा दुसऱ्यातून भरून काढतो. पुलाची सावली चार सेकंदांची नसते. कार्लिनच्या बोगद्याची मात्र त्याहून लांब असते. एल्कोकडे जाताना तिथे दर वेळी निवेदकाचं वाक्य मधेच गिळलं जातं, आणि मला आता त्याची सवय झाली आहे.

ओला बर्फ टपावर साठला की सिग्नल मंदावतो, अँटेनावरचा हाताने झाडला की ठीक. ब्रशवाल्या कारवॉशमध्ये गाडी घालत नाही. वर्षातून एकदा अँटेना उचलून खालची धूळ पुसते. एवढीच निगा.

न्यू जर्सीत माझी एक मावसबहीण आहे, तिला मी हे घे म्हटलं नाही. तिच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी ओक आणि मेपलची झाडं एकमेकांना टेकलेली, आणि हा सिग्नल २.३ गिगाहर्ट्झचा, पानांतून जायला कंटाळतो. मोठ्या शहरांत कंपनीने जमिनीवर रिपीटर, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा पाठवणारी यंत्रं, लावलेले आहेत, त्यामुळे मॅनहॅटनच्या इमारतींत चालतो. पण तिला फोनची रेंज पावलोपावली आहे. तिला याचं काय काम?

आवाजाबद्दल खरं बोलायचं तर तो साधारण आहे. एवढी सगळी चॅनलं थोड्याशा पट्ट्यात कोंबलेली, त्यामुळे संगीत दाबून दाबून पाठवतात. झांज आणि व्हायोलिनची वरची टोकं चिरकतात, शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताच्या चॅनलवर हे जास्त जाणवतं. बोलण्याच्या चॅनलवर माणूस डब्यातून बोलल्यासारखा. कान तयार असलेल्या माणसाने संगीतासाठी हे घेऊ नये. मी संगीतासाठी घेतलेलंच नाही. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, एनपीआर हा इथला सार्वजनिक रेडिओ, आणि रात्री उशिरा असेल तर १४६ नंबरवरचं ट्रकवाल्यांचं चॅनल. त्यावर देशभरातले ड्रायव्हर फोन करतात आणि डिझेलच्या भावावरून, गोदामात ताटकळत ठेवण्यावरून भांडतात. कोण कुठल्या घाटात अडकलंय हेही कळतं. मला त्यांची भाषा फार आवडते, आमच्या कामठी रोडवरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांची आठवण येते. उन्हाळ्यात बेसबॉल. खेळ मला अजून निम्माच कळतो, पण समालोचक इतका निवांत असतो की लव्हलॉक कधी गेलं कळत नाही. हिंदी-मराठी गाण्यांसाठी या यादीत मला काही सापडलेलं नाही. ती फोनमध्ये उतरवून नेते, तोच स्टिरिओ ब्लूटूथवर वाजवतो.

वर्गणीचं प्रकरण वेगळं बघा. इथे सिरियसएक्सएम ही एकच कंपनी आहे. एक्सएम २००१ मध्ये सुरू झाली, सिरियस २००२ मध्ये, आणि २००८ मध्ये दोघी एक झाल्या. स्पर्धा उरली नाही. सुरुवातीचा भाव आणि नंतरचा भाव यांत बराच फरक असतो, आणि संगीत चॅनलांच्या पॅकेजवर रॉयल्टी फी वेगळी लागते. ती जाहिरातीतल्या भावात धरू नका. वर्गणी बंद करणं किती अवघड ठेवलं आहे यावरून न्यू यॉर्कच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे त्या राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, २०२३ च्या डिसेंबरात कंपनीवर खटला भरला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या न्यायालयाने बंद करायची ती पद्धत संघराज्याच्या कायद्याच्या विरुद्ध आहे असा निकाल दिला. मी सवलतीची मुदत संपण्याची तारीख फोनमध्ये घालून ठेवली आहे, मुदतीआधी बोलते, भाव ठरवते. बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या घरात वाढले, अडचण येत नाही.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, आपल्याकडे होता की तो वर्ल्डस्पेसचा!" होता. तोही सॅटेलाइट रेडिओच. गच्चीच्या कठड्यावर ती चपटी अँटेना आग्नेयेकडे तोंड करून ठेवलेली असायची, कारण त्यांचा एशियास्टार उपग्रह १०५ अंश पूर्वेवर होता, आणि कोणी कपडे वाळत घालताना तिला धक्का लावला की बाबांचं 'गंधर्व' चॅनल मालकंसाच्या मध्यातच बंद पडायचं. मग आरडाओरडा. आवाज मात्र सुरेख होता. कंपनीने २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद केली. बाबांनी तो रिसीव्हर बरीच वर्षं टाकला नाही. "तुझ्या त्याच्यावर भीमसेनजी लागतात का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला आणि ते संत्र्याच्या भावाकडे वळले.

तर हिशोब असा. रस्ता रिकामा असेल, गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल आणि ऐकायला माणसाचा आवाज हवा असेल, तर घ्या. पैसे कमी असतील तर स्टिरिओ स्वस्तातला घ्या, पण बसवणाऱ्याच्या मजुरीत काटकसर करू नका. दुकानात गेल्यावर तीनच प्रश्न विचारा: अँटेना कुठे, वायर आत कुठून, आणि एअरबॅगच्या कुठल्या बाजूने. उत्तर देताना समोरचा गाडीकडे बघत नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि पॅनल बंद होण्याआधी हेडलाइट लावून बघा, म्हणजे माझ्यासारखी परत चक्कर नको.

त्याच दुकानात आता मी मागचा कॅमेरा बसवायला टाकणार आहे. वायर त्याच वाटेने पुढे आणता येईल, असं मालक म्हणाला, आणि या वेळी मोडलेली क्लिप आपण होऊन सांगेन, असंही. तारीख ठरवायला मात्र जाऊन उभं राहावं लागणार.